अर्धवट राहिलेलं विणकाम: अडलंय नेमकं कुठे?

लोकरगुंडा (सातारा)

गटातल्या बऱ्याच जणींनी ठरवलंय की दिवाळीपर्यंत नवी लोकर आणायची नाही, आधी ट्रंकेतल्या आणि माळ्यावरच्या पिशव्या रिकाम्या करायच्या. त्यासाठी हा चर्चेचा धागा. ज्याला जे नेमकं ठाऊक आहे ते लिहा. मापं, सुईचे नंबर, कुठे काय बिघडतं, सगळं चालेल. "मन लावून बसा" एवढंच सांगायचं असेल तर नको.

माझं मत आधी मांडते. अर्धवट कामाला उत्साह कमी पडला असं आपण धरून चालतो. पण पिशव्या उघडल्या की कामं ठरावीक जागीच थांबलेली दिसतात. स्वेटरची पाठ म्हणजे मागचा भाग झालाय, पुढच्या भागाचा मुंढा (जिथे बाही बसते ती कड) सुरू व्हायचाय. एक बाही झाली, दुसरी नाही. सगळे भाग विणून तयार, पण शिवलेले नाहीत. काजपट्टीचे टाके उचलायचे राहिलेत. लोकर पुरेल का याची शंका आहे. किंवा वीसेक ओळी खाली चूक दिसतेय, आणि उसवायचं की तसंच पुढे जायचं हे ठरलेलं नाही. या प्रत्येक जागी एक निर्णय अडकलेला असतो. तो घेतला नाही तर पिशवी कितीदाही बाहेर काढा, दहा मिनिटांत परत आत जाते.

म्हणून पहिल्या दिवशी विणायचंच नाही. सगळ्या पिशव्या सकाळच्या उजेडात पलंगावर मांडा आणि प्रत्येकीला एक चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर लोकरीचा शेड नंबर आणि लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा), सुईचा नंबर, काम कुठवर आलंय आणि पुढची एकच पायरी. ही पायरी लहान हवी. "कार्डिगन पूर्ण करणे" लिहून काही होत नाही. "डाव्या पुढच्या भागाच्या ओळी मोजणे" असं लिहा, ते चहा उकळेपर्यंत होतं. मग पिशव्यांचे तीन ढीग करा: पूर्ण करायचं, बदलून दुसरं काही करायचं, उसवायचं. येत्या थंडीत ही वस्तू अंगावर घालणारं माणूस डोळ्यांसमोर येत नसेल तर ती पहिल्या ढिगात घालू नका.

उलटसुलट (मिरज)

चिठ्ठीचं पटलं. उसवण्याचा ढीग मात्र पहिल्याच दिवशी करू नये. काम वाचता आलं नाही म्हणूनही उसवावंसं वाटतं, आणि वाचणं अवघड नाही.

काम ओळीच्या मधेच सोडलेलं असेल तर ज्या सुईवरच्या शेवटच्या टाक्यातून गुंड्याचा दोरा निघतो ती सुई उजव्या हातात घ्या. उलट केलंत तर विणकाम आल्या वाटेनं मागे जातं आणि मधे एक उंचवटा राहतो. सुलट बाजूला इंग्रजी व्हीसारखा दिसणारा प्रत्येक टाका म्हणजे एक ओळ. सुईवरचे टाकेही एक ओळ धरायचे, हे बहुतेक जण विसरतात आणि दोन्ही भागांत एका ओळीचा फरक पडतो.

केबलच्या, म्हणजे दोरीसारखा पीळ दिसणाऱ्या विणीत शेवटचा पीळ कधी घातला ते असं पाहा: पीळ पडलाय तिथे खाली फट असते. त्या फटीत मागून बोट घाला, काम थोडं ताणा, आणि बोटापासून सुईपर्यंत शिडीसारखे आडवे दोरे मोजा. जितके दोरे, तितक्या ओळी पिळाच्या ओळीपासून धरून झाल्या. सहा असतील आणि नमुना आठ ओळींचा असेल, तर आणखी दोन विणून तिसऱ्या ओळीला पीळ.

आणि सुई! जुनी सुई कामातून काढायच्या आधी त्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून घ्या. मग सुई निसटली तरी टाके सुटत नाहीत. दोऱ्याची टोकं दोन्हीकडे हातभर लांब ठेवा.

नवी सुई (विटा)

माझी अडचण तिथेच आहे. सुया दुसऱ्या कामाला काढून घेतल्या, टाके सेफ्टी पिनांवर आहेत, आणि कोणत्या नंबरची सुई होती ते कुठेही लिहिलेलं नाही. लोकर मध्यम जाडीची, ॲक्रिलिक. काय करू?

दहा नंबर (सांगली)

ताई, सुईचा नंबर विणलेल्या कापडातून काढता येतो. साध्या विणीच्या (एक ओळ सुलट, एक ओळ उलट) मधल्या भागावर, कडेपासून लांब, १० सेंटिमीटरची पट्टी ठेवा आणि आडवे टाके मोजा. मध्यम लोकरीत साधारण हात असेल तर ८ नंबरच्या सुईवर १० सेंटिमीटरला २२ टाके आणि २८ ओळी येतात. २४ च्या आसपास आले तर बहुधा ९ किंवा १० नंबर. बॉर्डर बहुतेकदा दोन नंबर बारीक सुईवर असते, ती मोजून अंदाज बांधू नका.

आपल्याकडचे नंबर मिलिमीटरमध्ये पाठच करून ठेवा: ७ म्हणजे ४.५, ८ म्हणजे ४, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३, १२ म्हणजे २.७५. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन नमुन्यात नेमकं उलट आहे, नंबर वाढला की सुई जाड होते. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. इंटरनेटवरचा नमुना वाचून आपली ८ नंबर घेतली की स्वेटर दोन मापांनी लहान होतो. मग तो पिशवीत जातो आणि दोष आपल्या हाताला लागतो. अर्धवट राहिलेल्या कितीतरी कामांचं मूळ इथे आहे.

सुई कळली तरी लगेच मोठा भाग विणायला घेऊ नका. वर्षानुवर्षांनी हात बदलतो, कुणाचा घट्ट होतो, कुणाचा सैल. उरलेल्या लोकरीवर ३० टाक्यांचा, ३० ओळींचा चौकोन विणा आणि जुन्याशी ताडून पाहा. जुने २२ आणि आताचे २३ आले तर एक नंबर जाड सुई घ्या. जोड साध्या विणीच्या मधोमध येऊ देऊ नका, तिथे रेघ उमटते. मुंढ्याच्या सुरुवातीपर्यंत किंवा बॉर्डरच्या वरच्या कडेपर्यंत उसवून मग नव्या हातानं चालू करा, तिथे फरक लपतो.

सुई बराच काळ ज्या ओळीत राहिली ती ओळ ताणून सैल झालेली असते. वरच्या दोन-तीन ओळी उसवून परत विणल्या की ती खूण बरीचशी जाते.

कृष्णाकाठ (सांगली)

लोकर पुरेल का, यावर कुणी नीट सांगेल का? पाठ आणि दोन्ही पुढचे भाग झालेत. हातात १०० ग्रॅमचा एकच गुंडा. तो शेड बाजारात मिळत नाही.

उलटसुलट (मिरज)

वजनकाटा घ्या, स्वयंपाकघरातला १ ग्रॅम दाखवणारा चालतो. आणि टाके मोजा. अंदाज नको, हिशेब करू.

समजा पाठ १०० टाक्यांची आहे, मुंढ्यापर्यंत १०६ ओळी, त्यावर ६२ ओळी सरासरी ८२ टाक्यांच्या. १०६ गुणिले १०० म्हणजे १०,६००, आणि ६२ गुणिले ८२ म्हणजे ५,०८४. एकूण साधारण १५,७०० टाके. पाठीचं वजन ९५ ग्रॅम भरलं, तर १ ग्रॅममध्ये १६५ टाके.

आता बाही. मनगटाला ४८ टाके, बगलेत ७६. मधल्या १०४ ओळी सरासरी ६२ च्या धरा, खाली बॉर्डरच्या १८ ओळी ४८ च्या, वर गोलाईच्या ४० ओळी सरासरी ४५ च्या. ६,४४८ अधिक ८६४ अधिक १,८०० म्हणजे ९,१०० च्या पुढे. दोन बाह्या १८,२००. भागिले १६५, म्हणजे ११० ग्रॅम. वर गळा आणि बटणपट्ट्यांना २५ ते ३० ग्रॅम. एकूण १४० च्या घरात.

तुमच्या १०० ग्रॅममध्ये पूर्ण बाह्यांचं कार्डिगन होणार नाही. हे आत्ता कळलेलं बरं, दुसऱ्या बाहीच्या कोपरापाशी कळण्यापेक्षा.

लोकरगुंडा (सातारा)

कृष्णाकाठ ताई, यातून तीन वाटा निघतात आणि तिन्ही चांगल्या आहेत. सांगलीची थंडी बघता बिनबाह्यांचं जॅकेट करणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सोडल्या तर तिथे जाड पूर्ण बाहीचा स्वेटर फारसा अंगावर राहत नाही. महाबळेश्वर-पाचगणीला राहणारं कुणी घालणार असेल तर गोष्ट वेगळी. मुंढ्याला पट्टी उचला, दोन्ही मुंढे मिळून १५ ते २० ग्रॅम लागतील, आणि उरलेलं गळ्याला-पट्ट्यांना सहज पुरेल.

दुसरी वाट म्हणजे कोपराखालपर्यंतची बाही. तिसरी वाट: मनगटाची बॉर्डर, गळा आणि बटणपट्टी तिन्ही ठिकाणी एकच वेगळा रंग. तिन्हीकडे असला म्हणजे तो ठरवून घेतलेला दिसतो. एकाच बाहीला वेगळा रंग आला की लोकर संपल्याचं लगेच कळतं.

तोच शेड पण वेगळा लॉट मिळाला तर नवा गुंडा सरळ जोडू नका. एका भागात दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या असं आलटूनपालटून निदान १०-१२ सेंटिमीटर विणा, म्हणजे रंगाची सीमा डोळ्यांना पकडता येत नाही. बॉर्डर पूर्ण नव्या लॉटची केली तरी चालतं. वीण बदलली की रंगाची छटा तशीही थोडी वेगळी भासते.

वाईची लडी (वाई)

दुसरी बाही हा स्वतंत्र विषय आहे. त्यावर उपाय एकच: पहिली एकटी विणायचीच नाही. लांब गोल सुईवर, ८० सेंटिमीटरची असली तरी पुरते, दोन्ही बाह्यांचे टाके शेजारी शेजारी घाला आणि दोन गुंड्यांनी एकाच वेळी विणत जा. वाढ एकाच ओळीला दोन्हीकडे होते, त्यामुळे मोजणं निम्मं. दोन गुंडे दोन वाडग्यांत ठेवा, आणि ओळ संपली की काम एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वळवा, नाहीतर दोरे एकमेकांत पीळ घेतात. उठताना दोन्ही बाह्यांची ओळ पूर्ण करूनच उठा. एकीची झाली आणि दुसरीची राहिली, तर पुढच्या वेळी त्या अर्ध्या जागेवरून उलट दिशेनं विणलं जातं.

एक बाही आधीच झालेली असेल तर तिच्या वाढीच्या ओळींना रंगीत दोऱ्याच्या गाठी बांधून ती समोर ठेवा. वाढीचा हिशेबही सांगते. ४८ वरून ७६ म्हणजे २८ टाके, प्रत्येक वेळी दोन्ही कडांना एक-एक, म्हणून १४ वेळा. दर सहाव्या ओळीला वाढवलं तर ८४ ओळींत संपतं. १०४ पैकी २० ओळी सरळ उरतात, म्हणजे ७ सेंटिमीटर. बगलेखाली एवढा सरळ भाग हवाच, नाहीतर हात वर केला की स्वेटर वर ओढला जातो.

नवी सुई (विटा)

धन्यवाद दहा नंबर दादा. २४ टाके आले, १० नंबरची सुई लावून चौकोन जुळला. आता चुकीचा प्रश्न. तीन पिळांपैकी मधल्या केबलचा एक पीळ उलट्या बाजूला पडलाय, आठ ओळी खाली. सगळं उसवायचं का?

वाईची लडी (वाई)

नाही. फक्त त्या केबलचे सहा टाके सुईवरून सोडा आणि आठ ओळी खाली उतरवा. शिडी तयार होईल, घाबरू नका, बाकीचे टाके जागेवरच राहतात. आजूबाजूच्या टाक्यांत बाहेरून सेफ्टी पिना लावा. मग खालचे सहा टाके दोन टोकांच्या लहान सुईवर घ्या, पीळ बरोबर घाला, आणि शिडीचा एकेक आडवा दोरा क्रमानं घेत वर विणत या. सगळ्यात खालचा दोरा आधी. क्रम चुकला तर वर एक सैल आणि एक घट्ट ओळ येते. शेवटी टाके थोडे ताणलेले दिसतील, सुईच्या टोकानं शेजाऱ्यांकडून सैलपणा ओढून घ्या, उरलेलं धुतल्यावर बसतं.

साध्या विणीतला सुटलेला एकच टाका असेल तर क्रोशाची सुई पुरते. सुलट बाजूनं टाक्यात सुई, वरचा आडवा दोरा पकडून ओढायचा, परत वरचा. चूक तीस-चाळीस ओळी खाली असेल आणि काम नाकाशी धरल्याशिवाय दिसत नसेल तर मी ती सोडून पुढे जायला सांगेन. गळ्याजवळ असेल तर मात्र नाही, तिथे नजर जातेच.

माणदेशी (दहिवडी)

आमच्या भागात एक वेगळ्याच प्रकारचं अर्धवट काम घराघरांत आहे. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं हाताचं सूत हौसेनं आणलं, स्वेटर सुरू केला आणि टोचतो म्हणून सोडला. ही लोकर भरड असते, घोंगडीसाठी उत्तम, गळ्याशी आणि मनगटाशी नको. तिला स्वेटर करायचा हट्ट सोडा. आसन करा, बैठकीचा चौकोन करा, बाजाराची पिशवी करा. ५ नंबरच्या सुईवर एक सुलट एक उलट, पुढच्या ओळीला सुलटावर उलट, अशी दाणेदार वीण घ्या. ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि कडा वळत नाहीत. ४५ सेंटिमीटरच्या आसनाला जुनी पाठ उसवून सूत भरपूर होतं.

घोंगडीच्या मागावरचं उरलेलं सूत असेल तर ते तसंच विणायला घेऊ नका. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या दोऱ्यांना, चिंचोक्याची खळ दिलेली असते. सूत ताठ राहतं, सुईवर सरकत नाही, बोटं चरचरतात. लडी बांधून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, दोनदा पाणी बदला, सावलीत वाळवा. मग मऊ नाही म्हणता येणार, पण विणता येतं.

कृष्णाकाठ (सांगली)

माझ्या पिशवीचा निर्णय झाला, जॅकेटच. आता आणखी एक, आमच्या पेठेतल्या पुष्कळांच्या कामाचं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या आणि २०२१ च्या जुलैमधल्या पुरात पाणी लागलेल्या लोकरी अजून गाठोड्यात आहेत. वास येतो, काहींवर बुरशीचे डाग आहेत. टाकून द्यायच्या का?

दहा नंबर (सांगली)

आधी ओढून पाहा. दीड फूट दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. खरी लोकर कुजली असेल तर ती कापसासारखी तुटते, ती टाकायचीच. ॲक्रिलिक बुरशीनं सहसा कुजत नाही, त्यात फक्त घाण आणि वास असतो.

कोणती लोकर आहे हे कळत नसेल तर बोटभर दोरा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून, काडीनं पेटवा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ती हळूहळू जळून आपोआप विझते आणि राख बोटानं चुरते. ॲक्रिलिक वितळतं, भडकतं आणि कडक काळा मणी उरतो. सिंकजवळ करा, मुलांना लांब ठेवा.

टिकाऊ निघालेली लोकर घराबाहेर, तोंडाला मास्क बांधून झटका. मग लड्या बांधा: खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून चार ठिकाणी सैल गाठी. एक वाटी पांढरा व्हिनेगर आणि चार वाट्या पाणी या प्रमाणात अर्धा तास भिजवा, मग सौम्य साबणानं धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. ॲक्रिलिक उन्हात वाळवा, खरी लोकर हवेशीर सावलीत. डाग राहिला तर तो भाग बॉर्डरच्या आतल्या पदराला वापरा.

जुन्या लोखंडी सुयांचा गंज लोकरीला लागला असेल तर लिंबाचा रस आणि मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. रंगीत लोकरीवर आधी टोकाला करून बघा, लिंबू काही रंग उतरवतं.

आणि गुंड्यांना रबरबँड कधीही लावू नका. आपल्या उन्हाळ्यात रबर वितळून लोकरीला चिकटतं, मग तेवढी लोकर कापून टाकावी लागते.

वाईची लडी (वाई)

कसर लागलीये का तेही त्याच वेळी पाहा. बारीक जाळं, वाळूसारखी विष्ठा, आणि गुंडा करताना दोरा पुन्हा पुन्हा तुटणं या तीन खुणा. उडणारा पतंग काही खात नाही, त्याची अळी खाते, आणि तिला प्राण्यांची लोकर, केस, रेशीम लागतं. नुसत्या ॲक्रिलिकवर ती जगत नाही. लोकर पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना आठवडाभर ठेवा, एक दिवस बाहेर काढा, परत आठवडाभर. कडुनिंबाच्या पाल्यानं आतली अळी मरत नाही. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका, नॅप्थलीनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

फलटणकर (फलटण)

चार वर्षांच्या नातीसाठी सुरू केलेला स्वेटर, ती आता आठ वर्षांची आहे. पाठ आणि पुढचा भाग तयार. यात काही होण्यासारखं आहे का?

उलटसुलट (मिरज)

होतं, आणि उसवावं लागत नाही. चार वर्षांच्या मुलीची छाती साधारण ५८ सेंटिमीटर, आठ वर्षांची ६७. ढिलाई ८ सेंटिमीटर धरली तर घेर ६६ वरून ७५ करायचाय, म्हणजे ९ सेंटिमीटर कमी पडतात. दोन्ही बाजूंना, बगलेपासून खालपर्यंत, साडेचार सेंटिमीटर रुंदीची उलट-सुलट पट्टी बसवा. पट्टी सुलट बाजूनं शिवा. बाह्या व्हायच्या असतील तर त्यांच्या बगलेतही तेवढीच रुंदी घ्या. बाहीची बगलेपर्यंतची लांबी आता साडेएकतीस सेंटिमीटरच्या आसपास लागेल. नातीला मोजूनच पक्कं करा, मुलं तक्त्याप्रमाणे वाढत नाहीत.

लांबी खालून वाढवा. बॉर्डरच्या वरच्या साध्या ओळीतला एक टाका मधोमध कापा, त्या ओळीचा दोरा दोन्हीकडे ओढून काढा, मोकळे टाके बारीक सुईवर घ्या आणि खालच्या दिशेनं विणा. साध्या विणीत हा जोड दिसत नाही. बॉर्डरमध्ये किंवा केबलमध्ये केलात तर अर्धा टाका सरकलेला दिसतो, म्हणून जुनी बॉर्डर बाजूला काढून नवीच विणा.

दहा नंबर (सांगली)

उसवलेल्या लोकरीबद्दल राहिलंय. वळ्या पडलेल्या लोकरीवर लगेच विणलं की टाके वेडेवाकडे येतात आणि काम परत सोडलं जातं. लडी करून कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा आणि काठीवर टांगा. खऱ्या लोकरीला खाली अगदी हलकं वजन लावलं तरी चालतं. ॲक्रिलिकच्या वळ्या पूर्ण जात नाहीत, पण विणण्याइतक्या जातात. त्यावर वाफ जपून द्या, जास्त झाली की त्याचा फुगीरपणा कायमचा जातो. मोहेर उसवत नसेल, तंतू एकमेकांत धरून बसले असतील, तर पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि थंड असतानाच हळू उसवा.

लोकरगुंडा (सातारा)

कोणतं काम कोणत्या महिन्यात काढायचं हेही लिहून ठेवते, कारण चुकीच्या ऋतूत काढलेलं काम हमखास परत जातं. मार्च ते मे हाताला घाम असतो, मांडीवर मोठी पाठ नको वाटते. तेव्हा बाह्या, टोपीचा गोल, मनगटाच्या बॉर्डर, टोकं ओवणं एवढंच. ॲल्युमिनियमच्या सुईवर घामानं ॲक्रिलिक अडतं, बांबूची सुई घ्या. पावसाळ्यात मोठे भाग विणा, पण धुऊन, टाचण्या लावून ताणायला घेऊ नका. कोयना-महाबळेश्वरकडे तर जुलैत जाड लोकर दिवसेंदिवस ओली राहते आणि वास धरते. ते सगळं ऑक्टोबरच्या उन्हात.

काळी आणि गडद निळी कामं दिवसाच करा. मांडीवर पांढरा पंचा अंथरला की टाक्यांच्या फटी उठून दिसतात.

कृष्णाकाठ (सांगली)

जॅकेटच्या पुढच्या कडेला १५२ ओळी आहेत. बटणपट्टीचे किती टाके उचलू? प्रत्येक ओळीत एक घेतला तर पट्टी झालरीसारखी होते.

वाईची लडी (वाई)

साध्या विणीत टाका रुंद आणि ओळ बुटकी असते, म्हणून चार ओळींत तीन टाके: तीन उचला, चौथी ओळ सोडा. १५२ ला ११४ येतात. बॉर्डरची, दोन नंबर बारीक सुई वापरा. सहा ओळी झाल्या की काम टेबलावर सपाट ठेवून बघा. पट्टी लाटा घेत असेल तर टाके जास्त झालेत, पुढचा भाग वर खेचला जात असेल तर कमी.

बायकांच्या कपड्यात काजं उजव्या पुढच्या भागावर, पुरुषांच्या डाव्या. काजं नसलेली पट्टी आधी विणा, तिच्यावर बटणांच्या जागा ठरवा. सहा बटणं, प्रत्येक काजाला दोन टाके म्हणजे १२, दोन्ही टोकांना चार-चार सोडले, उरले ९४. पाच जागांत १९, १९, १८, १९, १९ असे वाटा. काज म्हणजे दोरा पुढे घेऊन दोन टाके एकत्र सुलट. बटणं काजं विणायच्या आधी विकत आणा, १८ मिलिमीटरचं बटण या काजातून जायला त्रास देतं, १५ चं बसतं.

शेवटी टाके बंद करायला पट्टीच्या लांबीच्या तिप्पट दोरा लागतो. सहावी ओळ झाली की तेवढा मोजून बाजूला धरा, मग उरलेल्यात आणखी ओळी घ्यायच्या का ते ठरवा.

फलटणकर (फलटण)

स्वेटरच्या बाजूच्या पट्टीचं जमलं. बाही मात्र मुंढ्यात बसत नाही, वर चुण्या पडतात. बाहीची गोलाई मोठी झाली असेल का?

उलटसुलट (मिरज)

काका, मोजून बघा. मापपट्टी उभी धरून मुंढ्याची कड पूर्ण फिरवा, मग बाहीच्या गोलाईची. बाही दोन-तीन सेंटिमीटर जास्त असली तर चालतं, ती दाबून सामावते. त्याहून जास्त असेल तर चुण्या पडणारच. गोलाई तेवढी उसवा आणि वरच्या भागात प्रत्येक ओळीला घट घ्या, म्हणजे टाके कमी करा. कमी असेल तर मुंढा खेचला जातो, तेव्हा घट दर दुसऱ्या ओळीला करा. सुरुवातीला बगलेत बंद केलेले टाके दोन्हीकडे सारखे हवेत, पाठीला पाच तर बाहीलाही पाच.

शिवायच्या आधी दोन्ही भाग ओले करून मापाला टाचून वाळवा. न वाळवलेल्या, कडा वळलेल्या भागांवर बाही कधीच सरळ बसत नाही. मग पहिली पिन बाहीच्या मध्यावर आणि खांद्याच्या शिवणीवर, दुसरी बगलेत, मधे आणखी चार. शिवण खांद्यापासून बगलेकडे, आधी पुढची बाजू, मग नवा दोरा घेऊन मागची.